मामा, तुमच्या निधनासंबंधी

रेल्वे कॉलनी, दौंड
१० डिसेंबर १९९७

तीर्थरूप शांतवनमामांना भाचा सतीश याचा सलाम.

तुमचा गुडघा कसा आहे? झोप लागते का? खोकला? हे मी रिवाज म्हणून विचारत नाही. यंदा तुमच्या प्रकृतीविषयी इथे फार बोलणे झाले आहे, तेव्हा खरी बातमी शिरूरहून तुमच्याच हातची आलेली बरी. इकडे प्रभूकृपेने ललिता, मोनाली आणि मी ठीक आहोत. थंडी पडली आहे. नदीकडून वारा येतो आणि क्वार्टरची खिडकी नीट लागत नाही. तक्रार दिली आहे. (तक्रार देणारे आधीचे भाडेकरूही होते, असे ऑफिसात कळले. ते रिटायर होऊन गेले.)

गेल्या वर्षीचा नाताळ तुम्ही पाहिलात. मोनालीचा फ्रॉक, मटण, केक, कागदाचा चांदणीकंदील, आणि मुख्य म्हणजे ताटे. दिवाळीत कॉलनीतून आपल्याकडे फराळाची ताटे येतात आणि नाताळात ती आपल्याकडून भरून जातात. आईच्या वेळी पाच-सहा घरे होती. पण तुमची बहीण सगळ्यांशी गोड बोलून गेली, त्यामुळे आता दोन्ही चाळी आल्या. (प्रेम वाढले की तेल जास्त लागते.) ते सगळे सोसायटीचे कर्ज काढून झाले, हे तुम्हाला सांगितले नव्हते. शेवटचा हप्ता यंदा गणपतीत पगारातून कापला गेला. म्हणजे प्रभूचा जन्म आम्ही गणपतीपर्यंत फेडत होतो. त्या दिवशी ललिताने गॅसच्या सिलिंडरवर हात ठेवून सांगितले की पुन्हा कर्ज काढून सण नाही. ती बायबलवर हात ठेवत नाही. सिलिंडरवर ठेवला की शब्द मोडत नाही.

नाताळ स्वस्तात करायचा तर दिवाळीपासून सुरुवात करावी लागते, हा आम्ही काढलेला निष्कर्ष. ताट आलेच नाही तर परत पाठवायचा प्रश्न नाही. ललिताने ठरवले की शेजाऱ्यांना आधीच सांगायचे, गोडीत सांगायचे. मी माझ्यापुरती काटकसर म्हणून डोक्याचा पूर्ण गोटा करून घेतला. एकदाच पैसे द्यायचे, नाताळपर्यंत न्हाव्याकडे बघायचे नाही. या दोन काटकसरी एकाच सकाळी झाल्या, तिथे चुकले.

शेजारच्या मालनबाईंना तुम्ही ओळखता. शंटिंगला होते त्या मारुतरावांच्या मंडळी. नळावर ललिता त्यांना म्हणाली की यंदा आम्ही सण करणार नाही, तुम्ही ताट पाठवू नका. नेमका तेव्हाच मी बादली घेऊन दारात आलो. मालनबाईंनी माझ्या डोक्याकडे पाहिले, मग ललिताकडे पाहिले, आणि भरलेला हंडा खाली ठेवला.

“आगं बया,” त्या म्हणाल्या. “कोन गेलं गं?”

ललिताने “कोणी नाही” म्हणायचे होते. पण मग सण का नाही, ते सांगावे लागले असते. तिचे डोळे भरून आले. (लाजेने. पण लाजेचे पाणी वेगळे दिसत नाही.) मालनबाईंनी आपल्याच मनाने माणसे मोजली आणि तुमच्यापाशी थांबल्या. “शिरूरचं मामा? तरीच औंदा गणपतीत आलं न्हाईत.” ललिताने पदर तोंडाला लावला. आता पाळी माझी होती. मी म्हणालो की त्यांचा गुडघा फार दुखत होता. हे वाक्य खरे आहे. तेवढेच मी बोललो. आपल्यात मयतीला डोके करत नाहीत हे मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे, पण कॉलनीला माहीत नाही.

मामा, या लोकांची एक रीत आहे. ज्या घरात दुःख असते तिथे सण करत नाहीत, फराळाला चूल पेटत नाही. पण लेकरांनी उपाशी सण बघू नये म्हणून शेजारी ताटे आणून देतात. दरवर्षी देतात त्याहून भरलेली. दिवाळीत आमच्या कॉटवर, टेबलावर, शिवणयंत्रावर ताटे होती. ज्यांची कधी येत नव्हती त्यांचीही आली. शेवेचा ढीग पाहून मोनाली म्हणाली की आजोबा दरवर्षी का मरत नाहीत. तिला मी मारले नाही. मलाही शेव आवडते.

मग बसायला येणारे आले. मारुतराव कॉटच्या कडेला बसले. मग म्हणाले, “मामाचा आवाज लय मोठा. नाताळात दारात गायला लागलं की यार्डातल्या डब्यात झोपल्याली मान्सं उठून बसायची.” तुळजाबाई, त्या कोपऱ्यातल्या, म्हणाल्या की माझ्या पोरीला फुकट इंग्रजी शिकवलं त्यांनी, दोन मे महिने, आन् चहासुदिक घेतला न्हाई. हे मला माहीत नव्हते. इतक्या वर्षांत तुम्ही बोलला नाहीत. तुमच्याविषयी चांगले बोलणे मी आजवर ऐकले नव्हते (मामी होती तोवरचे तिचे बोलणे मी धरत नाही), कारण तुम्ही समोर असायचात आणि समोरच्या माणसाचे गाणे कधी थांबते याची आम्ही वाट बघतो. मी रडलो. त्यात खोटे काही नव्हते. तुम्ही तिकडे स्टोव्हवर चहा करत असाल हे मनात होते, तरी रडू थांबेना. मालनबाईंनी तुमचा फोटो मागून घेतला आणि झेंडूचा हार घातला, तोही दिवाळीच्या भावाचा. फोटोत तुम्ही रागावलेले दिसता. तो फोटो तसाच आहे.

आता मुद्दा. दुःखाच्या घरी दिलेले ताट भरून परत यायचे नसते, अशीही रीत आहे. कोणी ते मागतही नाही. ताटे धुऊन आमच्या मोरीत एकावर एक उभी आहेत, प्रत्येकावर कोणा ना कोणाचे नाव कोरलेले. म्हणजे यंदाचा नाताळ कर्जाशिवाय पार पडतो आहे. एक किलो मटण, जुनाच कंदील, मोनालीच्या फ्रॉकची शिवण सोडून वाढवलेला घेर. हे सर्व तुमच्यामुळे, म्हणजे तुमच्या नसण्यामुळे. मोनाली विचारते, आजोबा गेले तर त्यांना पत्र कसे लिहिता. मी म्हटले, उत्तर येते का बघू.

गुडघ्याला राईचे तेल कोमट करून लावत जा. थंडीत सकाळी बाहेर पडू नका.

तुमचा,
सतीश

ता. क. दरवर्षी तुम्ही चोवीस तारखेला न्हावऱ्यावरून येणाऱ्या दुपारच्या एसटीने येता. यंदा येऊ नये, ही विनंती. तुम्ही स्टँडवर उतरलात की दोन्ही चाळींची ताटे आमच्यावर येतील, शिवाय खोटेपणा येईल तो वेगळा. मेलेला माणूस परत येण्याचा सण आपल्यात आहे, पण तो एप्रिलमध्ये असतो. तेव्हा अवश्य या.

दुसरा ता. क. हे पत्र शर्टाच्या खिशात तसेच राहिले आणि धुण्याच्या वेळी ललिताला सापडले. तिने उभ्याने वाचले. संध्याकाळी मारुतराव दारात आले आणि म्हणाले, “औंदा तुमची मान्सं गात यायची का न्हाई? मामा न्हाईत तर कसलं गानं म्हना. पर आमी लाइट चालू ठिवतो.” ते गेल्यावर ललिताने फोटोवरचा वाळलेला हार काढून बंबात टाकला. मग म्हणाली, त्या माणसाने शिरूरला एकट्याने नाताळ करायचा आणि आपण त्याच्या नावाची चकली खायची, हे कर्ज कुठल्या पगारातून फिटणार? (सिलिंडर जवळच होता.)

तेव्हा मामा, या. दुपारच्याच गाडीने या, सगळ्यांना दिसेल असे या. ललिताने असे ठरवले आहे की ताट रिकामे परत द्यायचे नसते, पण चिमूटभर साखर घातली तरी ते रिकामे राहत नाही. आणि चांगली बातमी द्यायची तर साखरच द्यावी लागते. ताटे तुम्ही स्वतः दारोदार द्यायची, आणि गायचे. तुम्हाला बघून ताटात काय आहे ते कोणी बघणार नाही, असे तिचे मत आहे. मारुतराव शिव्या देतील, असे माझे. दोन्ही होईल. शिव्यांच्या वेळी मी पुढे उभा राहीन.

येताना तुमच्या रेशनची साखर तेवढी घेऊन या. मात्र कार्डावर तुमचे नाव अजून आहे ना, ते आधी बघा. मालनबाईंची बहीण शिरूरलाच दिलेली आहे.