दार कोणी उघडायचे याबाबत

मी, गोदाबाई राघो गायकर, राहणार ठाकुर्ली पूर्व, शिक्षण तिसरी (पुढे म्हशी), वय आधार कार्डाप्रमाणे ७६ आणि थोरल्या बहिणीच्या म्हणण्याप्रमाणे ७९, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय करत आहे. दबाव आणणारा सध्या ठाण्याला ऑफिसात आहे. माझा उजवा कान गेला आहे, डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी काढून दाखवले तर ते खोटे समजावे.

हे मी हाताने लिहिलेले नाही. फोनला सांगितले, त्याने लिहिले. माझ्या सासऱ्यांनी जमिनीच्या कागदावर अंगठा दिला तेव्हा वाचून दाखवणारा माणूस घेणाऱ्याच्याच घरचा होता. त्यामानाने फोन बरा, त्याला आमची जमीन नको. निदान अजून मागितलेली नाही. वकील दीप्ती साळवी यांनी कायद्याचे शब्द घातले, बाकी माझे माझे राहू दिले. दोन ठिकाणी त्यांनी विचारले, "आजी, हे वाक्य खरंच ठेवायचं?" ती दोन्ही ठेवली आहेत.

कलम १. घर. आमच्या शेतावर जी इमारत उभी राहिली, तीत जमिनीच्या बदल्यात मिळालेली सातव्या मजल्यावरची सदनिका क्रमांक ७०४ माझ्या एकटीच्या नावावर आहे. ती माझ्या पश्चात माझी नात संचिता साईनाथ गायकर हिला मिळावी. माझा मुलगा साईनाथ याचा तीत हक्क राहणार नाही. त्याला शेजारची ७०३ तेव्हाच मिळाली आहे. मधली भिंत पाडून दोन्ही एक करणार, असे तो सोसायटीभर सांगत असतो. भिंत राहील.

कलम २. कारण. कारण लिहायची गरज नसते असे वकीलबाई म्हणतात. मला गरज आहे.

दोन वर्षांपूर्वी मी मोरीत घसरले. मोडले काही नाही, पण साईनाथ घाबरला. त्याने माझ्या दाराचे कुलूप काढून बोट ओळखणारे बसवले. माझी बोटे लावणीत आणि भांड्यांच्या राखेत गुळगुळीत झालेली, ते यंत्र मला ओळखेना. मग दार त्याच्या फोनवरून उघडायचे ठरले. आतून बटण दाबून बाहेर पडता येते. परत यायचे तर ठाण्याला फोन करायचा, बाळा, माझे दार उघड. मी हळूहळू बाहेर जायचे सोडले. हॉलमध्ये कॅमेरा लावला, त्यातून ओटाही दिसतो. एकदा डाळीला फोडणी देत होते तर भिंत बोलली, "आई, तेल किती ते." मनगटावर घड्याळ बांधले. मी कुठे आहे त्याचा ठिपका त्याच्या फोनात दिसतो, आणि मी गेटबाहेर गेले की त्याचा फोन बोंबलतो.

गेल्या गणपतीनंतर माझी मैत्रीण भीमाबाई, मासे विकते ती, मला सुके बोंबील द्यायला आली. आमच्या गेटवर कोण आले की घरच्या फोनवर विचारणा जाते, आणि "हो" दाबल्याशिवाय जगन वॉचमन आत सोडत नाही. घरचा फोन म्हणजे साईनाथचा. तो मीटिंगमध्ये. भीमा उन्हात बसून बसून परत गेली. जिथे आज ते गेट आहे तिथे आमचे खळे होते, आणि तिथे ती माझ्याबरोबर भात झोडायची.

दुसऱ्या दिवशी मी खाली उतरून तिला गेटवर गाठले.

"गोदे, तुजा पोरगा मोटा सायेब झाला गो. त्याच्या परवानगीबिगर बोंबील पन वर जात नाय."

मी घड्याळ सोडले, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळले आणि तिच्या टोपलीत कोलंबीखाली ठेवले. ती मोहन्याला लेकीकडे चालली होती. मी जगनच्या खुर्चीत बसून राहिले. फोन वाजत होता, उचलला नाही. साईनाथ मीटिंग सोडून ठिपक्यामागे मोहन्याला पोहोचला. पुढचे भीमाने सांगितले.

"मावशी, आई कुठाय?"

"तुजी आई तुज्याच गेटवर. हितं कोलंबी हाय. वाटा देऊ का?"

संध्याकाळी तो माझ्यासमोर उभा राहिला. घामाने शर्ट चिकटलेला. मी पाणी दिले, तेवढे माझे काम.

"आई, हे सगळं कोणासाठी केलंय? तुझ्यासाठीच ना?"

"माझ्यासाठी आहे तर माझ्या हातात दे."

"तुला त्यातलं कळत नाही."

"तुला सायकल येत नव्हती तेव्हा मी मागे धरून धावले. दोरी बांधून ठेवली नाही."

"विषय बदलू नकोस."

मी बदललेला नव्हता. त्याच आठवड्यात वकीलबाईंना फोन लावला. ७०४ची मालकीण मी, तेव्हा तिची विचारणा माझ्याच फोनवर यावी, असा अर्ज सोसायटीलाही दिला आहे. सेक्रेटरी म्हणाले, बघतो. मी म्हटले, मी पण बघते.

कलम ३. गैरसमज नको म्हणून. पूर्वी यंत्रे नव्हती तेव्हा माणूस मोकळा होता, असे माझ्या तेराव्याला कोणी बोलले तर त्याला जेवण वाढू नये. मी लग्न होऊन आले तेव्हा विहिरीवर जाताना सासू माझ्याबरोबर नणंद पाठवायची. मी कोणाशी बोलले, किती वेळ हसले, सगळे घरी पोहोचायचे. तिला चार्जसुद्धा करावे लागत नव्हते. माझी सून चित्रा लग्नानंतर कितीतरी वर्षे भाजीलासुद्धा नवऱ्यापुढे हात पसरत होती. आता ती फोनवरून मसाला विकते, पैसे तिच्या खात्यात येतात, आणि साईनाथशी बोलताना मान वर असते. ते फोनने केले. मी केले नाही, आणि मला करायला हवे होते हे सुचलेही नव्हते. यंत्राशी माझे भांडण नाही. ते कोणाच्या हातात आहे, एवढेच मी विचारते.

कलम ४. संचिताचा ठिपका. तिला विचारूनच लिहिते. संचिता सव्वीस वर्षांची आहे, ऐरोलीला नोकरी करते, आणि तिचाही ठिपका बापाच्या फोनात आहे. रविवारी दुपारी तो ठिपका आजीच्या घरी शांत बसलेला दिसतो. बापाला बरे वाटते, पोरगी आजीची सेवा करते. फोन माझ्या तांदळाच्या डब्यात असतो, आणि कॅमेऱ्यावर माझे लुगडे वाळत असते. पोरगी नसते. ती कुठे जाते ते मी विचारले नाही. या कलमान्वये पुढेही कोणी विचारू नये. तिला डब्यात फोन न ठेवता दाराबाहेर पडता यावे, आणि तिच्या दाराची किल्ली तिच्याकडेच असावी, यासाठी ७०४ तिची.

कलम ५. इथे एक अट होती. जुने घर पाडले तेव्हा मी दाराची लोखंडी कडी काढून ठेवली. संचिताने ती आतून बसवावी, घर विकू नये, कॅमेरा लावू नये, असे फोनला सांगून झाले होते. वकीलबाईंनी ते वाचून दाखवले, तेव्हा ऐकताना वाटले, मेल्यावर भिंतीतून बोलणारी मीच झाले. अट काढली. कडी कपाटात खालच्या खणात आहे. लावायची तर लाव, भंगारात द्यायची तर दे. घर विकलेस तरी चालेल.

कलम ६. उरलेले. माझ्या पाटल्या आणि कानातले चित्राला. मसाल्याचे खलबत्ते दोन्ही तिलाच. बँकेतली ठेव साईनाथला, मात्र माझ्या मृत्यूनंतर एक महिना त्याने माझे घड्याळ मनगटावर बांधावे आणि त्याचा ठिपका चित्राच्या फोनवर दिसावा. न बांधल्यास ठेवही चित्राला. नातीला अट नाही आणि मुलाला आहे, हा दुजाभाव आहे. असू दे. साईनाथ वाईट नाही. मी पडले त्या रात्री तो माझ्या पायाशी बसून होता, कॅमेरा न लावता. ते मला चालले होते.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही म्हणे. म्हणून माझी विळी आणि पितळी परात भीमाबाईला हयातीतच देऊन टाकली आहे. कोणी घरात शोधू नये.

कलम ७. अंत्यविधी. रडणे आपापल्या सोयीने. माझा फोटो हार घालून कोणी स्टेटसला लावू नये. माझी बहीण शीळफाट्याला गुडघे धरून बसली आहे, तिला मात्र सगळे फोनवर दाखवावे. ती रोज सकाळी फोनवर माझे तोंड बघते, शेवटचेही बघू दे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील दीप्ती साळवी यांनी करावी. सर्व मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला, मी तो डाव्या कानाने ऐकला, बरोबर आहे. अंगठा देत नाही, सही करते. वेळ लागला तरी थांबावे.

सही: गोदाबाई राघो गायकर

आम्ही दोघांनी त्यांना आमच्यासमोर सही करताना पाहिले व त्यांच्यासमोर आमच्या सह्या केल्या.

साक्षीदार १: डॉ. कमलेश बोरसे, ठाकुर्ली (सही)
साक्षीदार २: भीमाबाई पोपट कोळी, ठाकुर्ली (डाव्या हाताचा अंगठा)

स्थळ: सदनिका ७०४, ठाकुर्ली पूर्व
दिनांक: १७ फेब्रुवारी २०२५

साक्षीदार क्रमांक २ यांच्या प्रवेशाबाबत नोंद: त्या गेटवर आल्या तेव्हा जगनने विचारणा पाठवली. ती माझ्या फोनवर आली. मी चष्मा लावला, नाव वाचले आणि "हो" दाबले.