पप्पांच्या माघारी लायसन्स

पप्पा, तुम्ही गेलात त्याच दिवशी आपलं फ्युनरल होम बंद पडलं. इथे कॅनडात, मिसिसागातल्या कितीतरी वसईकरांना तुम्ही पोचवलंत, पण तुमची स्वतःची मयत आपल्या दारातून निघाली नाही. हे मी डायरीत अनेकदा लिहून खोडलंय, कारण लिहिताना मला थोडा आनंद होतो आणि तो आनंद मला बरा वाटत नाही.

माझं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. मम्मी बांगडे तळतेय, तुम्ही टाय सोडत टेबलाशी बसलाय, आणि मी म्हणते की मला फ्युनरल डिरेक्टरचा कोर्स करायचाय. तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. मम्मीला म्हणालात, "मयतं धुणारी सून कुणाला चालेल गं?" मम्मी हसली. मग म्हणालात की दादाचं नाव कोर्सला घातलंय, पोरांत एकाला लायसन्स पुरे. दादाला तर तुम्ही विचारलंही नव्हतं. तो अर्ध्यातून पळाला आणि आज कॅल्गरीत तेल कंपनीच्या ऑफिसात बसतो. मी अकाउंट्स केलं. पण आपल्यातली कुणी म्हातारी गेली की मयतं तयार करायच्या बेसमेंटमधून हाक मलाच यायची. मम्मीचे गुडघे गेल्यापासून लुगडं नेसवायचं काम माझं होतं. तुमच्या गोऱ्या मदतनिसांना ते येत नव्हतं आणि तुम्हालाही येत नव्हतं. निजलेल्या बाईला निऱ्या घालता येत नाहीत, म्हणून त्या आधी घालून टाके मारून ठेवायच्या, मग कमरेशी खोचायच्या. तुम्ही कोट घालून बाजूला उभे राहायचात आणि नातेवाईक आले की म्हणायचात, बघा, अगदी झोपल्यासारखी दिसते.

जानेवारीत पार्किंगमधला बर्फ शोव्हल करताना तुम्ही कोसळलात, ते परत उठला नाहीत. हॉस्पिटलमधून तुम्हाला आपल्याच फ्युनरल होममध्ये आणायचं म्हणून मी लायसन्सच्या ऑफिसला फोन केला. तिथल्या बाई फार सभ्य होत्या. जबाबदार लायसन्सधारक कोण, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तेच गेलेत. त्यांनी सहानुभूती व्यक्त केली आणि सांगितलं की वारसांना धंदा काही काळ चालू ठेवता येईल, पण लायसन्सवाला कुणीतरी जबाबदारी घ्यायला हवी, तोवर एकही मयत आत घेता येणार नाही. तुमचीसुद्धा नाही. दादा फोनवर म्हणाला, "विकून टाक ना. व्हॉट्स द पॉइंट?" चर्चबाहेर म्हातारी माणसं मला गाठून विचारत होती, आता आम्हाला कोण पोचवणार, तुझ्या पप्पांनी शब्द दिलाय. शब्द तुम्ही खुशाल वाटत सुटला होतात.

शेवटी तुम्हाला तयार केलं ते पलीकडच्या रस्त्यावरच्या इटालियन फ्युनरल डिरेक्टरने, ज्याला तुम्ही प्लास्टिकच्या फुलांचा राजा म्हणायचात. काम नीट केलं त्याने. दफनानंतर मी त्याच्या ऑफिसात गेले आणि विचारलं, मी कोर्स पुरा करीपर्यंत आमच्या जागेची जबाबदारी घ्याल का?

"पण तू तर मयतांना घाबरतेस ना?" तो म्हणाला. "तुझे वडीलच सांगायचे. पोरगी बेसमेंटच्या पायऱ्यासुद्धा उतरत नाही."

मी त्याला लुगड्यांचं सांगितलं. त्याने विचारलं, मग ते असं का म्हणायचे? मी पर्समधला जबाबदारीचा अर्ज काढून त्याच्यापुढे ठेवला. त्याने सही केली.

तिशी उलटल्यावर मी पोराटोरांच्या शेजारी बसून शिकले. लायसन्स आलं, आपलं दार उघडं राहिलं. चर्चमध्ये लोक म्हणतात, बापाचं नाव राखलंस हो. मी हसते. मम्मी म्हणायची की तुम्ही माझ्या लग्नाच्या काळजीने तसं वागलात. मी ते मानायचा प्रयत्न केला. पण काळजी घरात दाखवता येते, त्यासाठी परक्या माणसाजवळ पोरीला भित्री ठरवावं लागत नाही. की तुम्हाला त्याच्यासमोर लाज वाटत होती, मुलगा पळाला आणि मुलगी या कामाच्या मागे लागलीय याची? मला ठाऊक नाही. तुमच्या बाजूने विचार करायला बसले की माझाच राग मला खोटा वाटू लागतो, आणि उठले की परत खरा.

आता एवढंच सांगायचं राहिलंय. तुम्ही तेव्हा हो म्हणाला असता, तर मीही बहुधा दादासारखी अर्ध्यातून निघून आले असते. दर वर्षी लायसन्सच्या नूतनीकरणाचा अर्ज येतो, दोन दिवस तो तसाच पडून राहतो, आणि मग मी सही करते, कारण बंद केलं तर तुमचंच बरोबर ठरेल. मला हे काम आवडत नाही, पप्पा. हे दादाला माहीत नाही, त्या इटालियनलाही नाही, आणि हे पत्र कुठे पाठवायचं नाही म्हणूनच लिहिता आलं.