बाहेरच्या डब्यातले पाच

सोमवार, ९ नोव्हेंबर १९८७

आज दुपारी ऑफिसात मशीनच्या पडद्यावर पाच दिसले. तिसऱ्या नाकाची मर्यादा विचारली होती, सव्वा यायला हवं होतं. पाच. लगेच पुन्हा विचारलं तर सव्वा. मग कितीदा तरी विचारलं. सव्वाच.

खाली खाणीत गॅस हुंगणारी यंत्रं बसवली आहेत, त्यांना आम्ही नाकं म्हणतो. नाकाने सव्वा टक्का सांगितला की खाणीवर घंटा, वीज बंद, माणसं बाहेर. पाचाला घंटा वाजून काय उपयोग? पाच टक्के असले तर ठिणगी पुरते.

आमच्या ऑफिसच्या चौबे साहेबांना बोलले नाही. काय सांगू? डोळे तपासून घ्या म्हणतील. इतके दिवस नुसती चाचणी होती, येत्या सोमवारपासून मशीन खरोखरच्या कामाला लागणार. आणि ताईचे यजमान, सुरेश भाऊजी, त्याच खाणीत सरदार, गॅस तपासणारे. पहिली पाळी.

मंगळवार, १०

मांडणी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली. ज्यांनी केली ते इंजिनियर कधीच परत गेले. डब्यात डबा, त्यात डबा. सगळ्यांत बाहेरचा खाणीचा, आत विभागाचा, त्याच्या आत एकेका नाकाचा. नाकाच्या डब्यात आकडा नसला की मशीन बाहेरच्या डब्यात बघतं, तिथं नसला तर त्याच्या बाहेरच्या. इथवर सोपं.

पण मर्यादेच्या जागी आकडाच नाही. सूत्र आहे. आपण विचारलं की ते आधी खाणीत हवा खेळवणाऱ्या वरच्या मोठ्या पंख्याला विचारतं, तू किती जोरात फिरतोस, आणि मग हिशेब करून उत्तर देतं. म्हणजे सव्वा कुठेच लिहिलेलं नाही. विचारल्यावर तयार होतं. पुढच्या वेळी तेच तयार होईल कशावरून?

जेवताना आई म्हणाली, "काहून वं, भातात काय पाहून राहिली? खडा आहे का?"

गुरुवार, १२

सापडलं. सापडायला नको होतं.

तारा सांभाळणारा रिझवी सहज म्हणाला, सोमवारी दुपारी पंख्याची तार त्याने जरा वेळ काढली होती. म्हटलं, पुन्हा काढ. "किसको दिखाना है मॅडम?" "मला." काढली. सगळी नाकं पाच. जोडली, सव्वा. काढली, पाच. रिझवी हसत होता, मग हसायचा थांबला.

पंख्याकडून उत्तर आलं नाही की सूत्र बाहेरच्या डब्यात हात घालतं. आणि तिथं पाच पडले आहेत. चाचणीत उगाच घंटा वाजू नये म्हणून कुणीतरी ठेवलेले, काढायचे राहिले. तार चालू असताना हजार वेळा तपासा, सव्वाच दिसणार. तार तुटली की पाच. तपासणाऱ्याला कधीच दिसणार नाही अशा जागी.

चौबे साहेबांना सांगितलं.
"लाइन रोज थोडी कटती है, मॅडम."
"कटली तर?"
"कटी तो जोड देंगे."
म्हटलं, प्रत्येक नाकाच्या डब्यात सरळ सव्वा लिहू या, सूत्र नको. ते म्हणाले, पास झालेली मांडणी आहे, हात लावला तर पुन्हा पास करावी लागेल, दिल्लीचे लोक सोमवारी येणार. मांडणीच्या कुलपाची किल्ली त्यांच्या खिशात. त्यांची आई धंतोलीत दवाखान्यात आहे, डोळे सुजलेले दिसतात. मी जास्त बोलू शकले नाही.

शनिवार, १४

ताईकडे गेले, खाणीच्या कॉलनीत. भाऊजी अंगणात सायकल पुसत होते. विचारलं, गॅस बघायला तो जाळीचा दिवा घेऊन किती वेळा फिरता? "आता कमी केलं. साहेब म्हणे मशीन पाहून राहिलं ना." अभिमानाने म्हणाले. माझ्याच मशीनचा अभिमान.

मी म्हटलं, तुम्ही फिरा. पहिल्यासारखंच फिरा.
"काहून? तुह्या मशीनवर तुहाच भरोसा नाही का?"

सांगितलं सगळं. फडकं हातात तसंच राहिलं. मग आत ताईकडे बघून हळूच म्हणाले, "इले नको सांगू. मी माह्या जागेवर दिवा नेतो. बाकीच्या जागांचं मी काय सांगू?"

बाकीच्या जागा. तिथंही कुणाचे तरी भाऊजी.

सोमवार, १६

सुरू झालं. मशीनला हार, नारळ, पेढे. दिल्लीवाल्यांनी विचारलं, तिसऱ्या नाकाची मर्यादा दाखवा. योगायोगाने तिसरंच. पडद्यावर सव्वा. टाळ्या. माझे हात घामाने ओले, पेढा चिकटला.

मंगळवार, १७

पंख्याची तार गेली. चोरांनी तांब्यासाठी रस्त्याकडेची तोडून नेली. नाकांच्या तारा दुसऱ्या बाजूने जातात, त्या शाबूत. त्यामुळे पडदा सगळा हिरवा, म्हणजे धोका नाही. जास्तच हिरवा वाटला.

चौबे साहेबांच्या मागे फिरले. घंटा बंद आहे असं खाणीला कळवा तरी. "घंटी बंद नहीं है." पाचाला वाजेल, म्हटलं. इतक्यात दवाखान्यातून फोन आला आणि ते गेले. तार उद्या संध्याकाळपर्यंत जोडणार म्हणे.

खाणीच्या फोनवर बावणे म्हणून आहे, त्याला मीच कळवलं. तो म्हणाला, "लेखी आदेश पाठवा ना मॅडम. तोंडी घेतलं तर मले बोलतात."

झोप नाही.

बुधवार, १८



सकाळी आल्याबरोबर पडदा बघितला. तिसरं नाक पाऊण दाखवत होतं. नेहमी पाव असतं. चहा ठेवला आणि बघत बसले. एक झालं. हिरवं. एक आणि थोडं. हिरवं. सव्वा ओलांडलं. हिरवं! बोट त्या आकड्यावर ठेवून बसले होते, जणू बोटाने दाबून ठेवता येईल.

चौबे साहेब खोलीत नाहीत. दवाखान्यात फोन केला, उचललेल्या बाईने "बघते" म्हणून रिसीव्हर ठेवला तो ठेवलाच. मग खाणीला लावला.

"बावणे, तीन नंबरवर गॅस आहे. वीज बंद करा, माणसं काढा."
"इथं घंटी नाही वाजली, मॅडम. हिरवं आहे."
"ते हिरवं खोटं आहे."
"मशीन खोटं कसं बोलीन? साहेबाचा हुकूम लागते. पाळी बंद केली तर माही नोकरी जाते."

पडद्यावर दीड.

म्हटलं, "साहेबांचाच हुकूम आहे. चौबे साहेबांनीच सांगितलं. माझ्या समोर बसले आहेत."

समोर त्यांची रिकामी खुर्ची. तो म्हणाला, "साहेबाले द्या फोन." मी म्हटलं, "ते दुसऱ्या फोनवर आहेत, बावणे, काढा हो माणसं, पाया पडते." लाइनीत खरखर, मग त्याचा आवाज दुसऱ्या कुणाला तरी, "बंद कर बे, वीज बंद कर." फोन कटला.

त्यानंतर काहीच नाही. आकडा वर जात राहिला, मग थांबला. मी देवाला नाही, त्या आकड्याला हात जोडले.

दुपारी भाऊजींचा फोन. आवाज कोळशाने बसलेला. "सगळे वर आलो." काय झालं होतं? हवा वळवायला लावलेला ताडपत्रीचा पडदा तीन नंबरजवळ फाटून पडला होता, हवा पुढे जातच नव्हती. निघताना त्यांनी दिवा धरला तर ज्योतीवर गॅसची निळी टोपी चढलेली. "पंधरा वरसात एवढी मोठी टोपी नाही पाहिली. आणि तिथंच ड्रिल चालू होतं, कुमुद."



गुरुवार, १९

चौबे साहेबांनी खोलीत बोलावलं, दार लावलं. "मेरा नाम किससे पूछ के लिया?" मी म्हटलं, कुणालाच विचारलं नाही. त्यांनी खिशात हात घातला. मग किल्ली टेबलावर ठेवली. "जाइए. सब में सवा लिख दीजिए."

दिवसभर तेच केलं. एकेका नाकाच्या डब्यात सरळ आकडा, सूत्र पुसून. रिझवीला तारा काढायला लावल्या, सगळ्या, आळीपाळीने. सव्वा राहिलं. तरी उठवेना. आता कशात काय लपलं असेल याचीच भीती.

त्यांच्या आईला बरं आहे का विचारलं तर साहेब म्हणाले, "कल से होश में नहीं है." मी ज्या वेळी फोन करत होते, त्या वेळी...

शनिवार, २१

चौकशी बसली. पाळी का बंद केली, कोणाच्या हुकमाने. बावणेने माझं ऐकून लिहून दिलं, चौबे साहेबांच्या.

वाटलं होतं साहेब नाकारतील. त्यांनी कबूल केलं. हो, हुकूम माझाच. गॅस वाढलेला दिसला, मी काढायला सांगितलं, यंत्रणेने काम केलं.

बाहेर आल्यावर बावणेचा चेहरा उजळला होता. "साहेब देवमाणूस आहे, मॅडम. मी तर घाबरलो होतो." मला वाटलं, मलाही सुटल्यासारखं वाटायला हवं. घरी येऊन पांघरुणात पडले. आईने कपाळाला हात लावला, ताप नाही म्हणाली.

सोमवार, २३

आज कळलं ते लिहिते. यंत्रणेने काम केलं असं ठरल्यामुळे तीच मांडणी आणखी तीन खाणींना लावायची आहे. मांडणी भरलेल्या टेपा आधीच गेल्या आहेत. जुन्या. पाच असलेल्या.

चौबे साहेबांकडे धावले. म्हटलं, थांबवा. ते म्हणाले, आता कसं थांबवू? थांबवायचं तर का थांबवायचं ते सांगावं लागेल. मग घंटा का वाजली नाही ते. मग हुकूम कोणी दिला ते. "बावणे का क्या होगा, सोचा? आपका? मेरा छोड़िए." ओरडले नाहीत. दमलेले होते. त्यांच्या आईचं कालच... डोकं भादरलेलं. मी पाहिलंच नव्हतं.

त्या खाणींना फोन लावून बघितले. एकीकडचा माणूस म्हणाला, बाई, आमच्याकडे सगळं हिरवं आहे.

संध्याकाळी सक्करदऱ्याच्या तळ्यावर बसून राहिले. भाऊजींना विचारावं म्हटलं तर ते म्हणतील सांग. त्यांना सोपं आहे. नाही, त्यांनाही सोपं नाही, बावणे त्यांच्याच आळीत राहतो, त्याच्या दोन पोरी ताईकडे खेळायला येतात.

उद्या सकाळी चौकशीत माझी साक्ष. अध्यक्ष एकच विचारणार आहेत असं साहेब म्हणाले: बुधवारी सकाळी चौबे खोलीत होते का. बावणे बाहेरच्या बाकावर असेल, दार उघडंच असतं, त्याला ऐकू जाईल.

आईने दोनदा हाक मारली. पोळ्या गार होऊन राहिल्यात म्हणते. तोंडात शब्द जुळवून बघते आहे. "होते" म्हणून बघते. "नव्हते" म्हणून बघते. एकात त्या तीन खाणी, दुसऱ्यात बावणेच्या दोन पोरी.