कुठल्याच कप्प्यात न बसलेली गिटार

मी, मोरिकुबो शिगेहारू, वय ७१, धंदा गिटारवादन (सध्या बंद), राहणार याओ, ओसाका, हे मृत्युपत्र राजीखुशीने करीत आहे. गेल्या हिवाळ्यातल्या अर्धांगाच्या झटक्याने माझा डावा हात गेला. डोकं शाबूत आहे. असं डॉक्टर म्हणतात. पत्नी फुसाए हिचं मत वेगळं आहे आणि ते तिने नोटरी हिगाकीबाईंसमोर मांडलेलंही आहे.

१. राहतं घर फुसाएला. ते तसंही तिचंच होतं. मी दौऱ्यांच्या मधे तिथे उतरत असे, इतकंच.

२. माझे वडील ओबोनच्या, म्हणजे पितरांच्या सणातल्या, नाचात मचाणावर उभं राहून गात. त्यांच्या साथीला तीनतारी शामिसेन वाजवणारा लग्न करून पळाला, म्हणून सोळाव्या वर्षी मला गिटार देऊन वर चढवलं. पुढे टोकियोत मी त्याच तालात रॉक आणि जॅझ कालवलं. रॉकवाले म्हणाले, "हे जत्रेतलं आहे." जत्रेतले म्हणाले, "आवाज कमी कर, म्हाताऱ्यांचे पाय चुकतायत." दुकानदार माझी तबकडी कधी रॉकमध्ये ठेवत, कधी लोकगीतांत, सेंदाईच्या एकाने तर व्यायामाच्या कॅसेटींशेजारी ठेवली. तिथे ती सर्वांत जास्त खपली. उरलेल्या प्रती त्या दुकानदाराला द्याव्यात.

३. समीक्षक श्री. निराहारा यांना त्यांचीच दोन कात्रणं. १९७९चं: "परंपरेचा खून". १९९९चं: "परंपरेचा तारणहार". तबकडी तीच, गाणी तीच. नक्की काय ते त्यांनी ठरवावं. मला आता घाई नाही.

४. माझी गिटार. ही मी आमचा ड्रमवादक उओझुमी हिसाशी याला देणार होतो. १९८४ साली कंपनी म्हणाली, जुनी तबकडी नव्याने काढू, पण ड्रम आधुनिक हवेत. उओझुमीचा ताल म्हणजेच आमचा बँड, हे ठाऊक असूनही मी मान डोलावली. त्याला फोनवर काढून टाकलं. त्याचे ड्रम पुसून यंत्राचे भरले आणि वेष्टनावरून त्याचं नाव गाळलं. यंत्राचं मात्र छापलं.

त्याने ओकोनोमियाकीचं, म्हणजे कोबी घातलेल्या जाड धिरड्यांचं, दुकान काढलं. या एप्रिलात मी तिथे गेलो. तव्यावरून नजर न उचलता तो म्हणाला, "हात गेला म्हणे?"

"डावा."

"मग उजव्याने खा."

आणि माझ्या पुढ्यातल्याचे त्याने बारीक तुकडे करून दिले. माफी मागायला गेलो होतो. पहिल्याच घासाला तोंड भाजलं आणि ती राहून गेली.

आज त्याला साक्षीला बोलावलं, तर हिगाकीबाई म्हणाल्या, "ज्याला काही मिळणार, त्याला साक्षीदार होता येत नाही."

"मग गिटार घे," मी उओझुमीला म्हटलं. "साक्षीला दुसरं कुणी बघू."

"नको. दुकानात तेलकट होईल."

"अरे, तशी पुन्हा मिळणार नाही!"

"शिगे, चाळीस वर्षं तू माझं नाव कुठे छापलं नाहीस. इथे छाप."

हिगाकीबाईंनी कागद बदलला. सबब, गिटार याओच्या नाचमंडळाला.

वरील मजकूर वाचून घेतला, पटला, म्हणून उजव्या हाताने सही व शिक्का केला.

मोरिकुबो शिगेहारू
याओ, ९ सप्टेंबर २०२३

साक्षीदार:
१. ताकेबे इत्सुको, शेजारीण
२. उओझुमी हिसाशी, ड्रमवादक