लाल चौकटीचा डावा कोपरा

बाबा, मी कॅमेरा बदलतो आहे. खांद्यावर घेऊन तुमच्या मागे मांडवामांडवांतून हिंडलो तो मोठा कॅमेरा आता लग्नाळू पोरापोरींना नको असतो. त्यांना चेहरा कोरून काढल्यासारखा हवा आणि मागचं सगळं धूसर. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "कावून बा, मागं बसलेल्या मामा-मावश्यायनं काय पाप केलं?" मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. पण गेल्या हंगामात तिवस्याचं एक घर, ज्यांच्या दोन पिढ्यांची लग्नं तुम्ही लावली आणि मी टिपली, ते दुसऱ्याकडे गेलं. तेव्हापासून मी मिररलेसचा, म्हणजे आत आरसा नसलेल्या त्या नव्या लहान कॅमेऱ्यांचा, अभ्यास धरला. अभ्यास म्हणजे माझ्या पद्धतीचा. मी कोणाच्या हाताखाली शिकलो नाही. कॅमेरा उघडून, बिघडवून, पुन्हा जुळवून शिकलो, आणि त्याचा मला गर्व आहे, तुम्हाला तो आवडत नसे तरी आहे. नवी पोरं आधी महागडी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, घेतात आणि आवाज कॅमेऱ्याच्याच टीचभर माइकवर भरतात; मंगलाष्टकं विहिरीतून आल्यासारखी ऐकू येतात. माझा क्रम उलटा आहे. आधी माइक, मग उजेड असो-नसो चित्र देणारी एक चांगली लेन्स, मग न डुगडुगणारं स्टँड, आणि उरेल त्यात बॉडी, तीही वापरलेली. चित्र टिपणारा आतला सेन्सर मधल्या आकाराचा आपल्याला पुरतो. मात्र वैशाखातल्या दुपारच्या मुहूर्ताला कॅमेरा तापून बंद पडता कामा नये. हे सगळं चाळून शेवटी दोन बॉड्या उरल्या. एकीत चित्रण साठवणारी दोन कार्डं बसतात, म्हणजे एक दगावलं तर दुसरं आहे, कारण लग्न पुन्हा लावता येत नाही. दुसरीत कार्ड एकच, पण ती फोकसमध्ये माणसाचा डोळा आपोआप पकडते आणि काही झालं तरी सोडत नाही.

मला दोन कार्डांची हवी होती. फोकस माझा मी धरतो. अंतरपाट धरलेला आहे, तुमचा आवाज शेवटच्या अष्टकावर चढतो आहे, लोकांच्या मुठी वर गेल्या आहेत, आणि मी लेन्सच्या फोकस-रिंगवर बोट ठेवून उभा आहे. पाट सरकतो, नवरी मान वर करते, त्याच क्षणाला तिचे डोळे लख्ख. भल्याभल्या यंत्रांचा फोकस तिथे उडणाऱ्या अक्षतांच्या मागे धावतो आणि नवरी धूसर होते. माझी नवरी कधी धूसर झाली नाही. त्या चौकटीत एका कडेला तुम्हीही असायचे. तुमच्या शेवटच्या दोन-तीन हंगामांचं चित्रण मी अलीकडे पाहिलं नाही, पाहायची हिंमत नाही, पण डोळ्यांपुढे आहे. ताटात कुंकू कुठे, हळद कुठे, सुपाऱ्या कुठे हे ठरलेलं. तुम्ही ताटाच्या काठावरून बोट फिरवत आणायचे आणि बरोबर कुंकवावर थांबायचे. एकदा नवरीच्या आईनं जागा व्हावी म्हणून ताट जरासं फिरवलं, तर भर मांडवात गरजला होतात, "ताट कोनं हालवलं? हालवाचं नाही म्हनून सांगतलं होतं ना!" बिचारी रडवेली झाली. लोक म्हणाले, गुरुजी कडक आहेत. मीही तसंच समजलो, आणि कॅमेरा दुसरीकडे वळवला. मंत्र तुम्हाला तोंडपाठ होते, पोथी तुम्ही नुसती मांडीवर उघडी ठेवायचे. त्या पानातलं तुम्हाला काही दिसत नव्हतं हे आम्हाला कळलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, आता गेलेली नजर येणार नाही. आणि माझ्याकडे वळून म्हणाले, हा घराण्यात उतरतो, तुम्हीही वर्षाकाठी तपासून घेत जा. मी हो म्हणालो. मला तर सुईत दोरा ओवता येत होता.

तर अकोल्याला गेलो. जुन्या कॅमेऱ्यांचा एक दुकानदार आहे, टेपच्या काळापासूनची ओळख, माझ्याच वयाचा. दोन्ही बॉड्या त्यानं काउंटरवर मांडल्या. मी सोबत फुटाणे नेले होते. त्याला समोर उभं केलं आणि म्हटलं, तोंडासमोर उडवत राहा.

"भाऊ, हे दुकान आहे, मांडव नाही."

"उडवा ना. फोकस पळते का पाहू द्या."

"आन् नवरी कोन, मी का?"

त्यानं मूठभर उडवले, मूठभर खाल्ले. उन्हात कॅमेऱ्यामागचा पडदा दिसत नाही म्हणून मी नेहमी सांगतो की पारखायचं ते व्ह्यूफाइंडरमधून, त्या लहान भोकाला डोळा लावून. रेकॉर्डिंग सुरू असलं की आत चित्राभोवती लाल चौकट येते. मी दुकानदाराच्या चेहऱ्यावर नजर ठेवली, आणि चौकटीचा वरचा डावा कोपरा नव्हता. तिथे काळं नव्हतं, फाटलेलं नव्हतं. रेघ तिथवर यायची आणि पुढे नसायची, एवढंच. कोपऱ्याकडे पाहिलं की तो हजर. चेहऱ्याकडे पाहिलं की गेला. मी लगेच ओळखलं. म्हटलं, आतल्या पडद्याची वायरची पट्टी सैल आहे, माल उघडलेला आहे.

"कोनी नाही उघडला भाऊ. स्क्रू पाहा, कोरे आहेत."

मी दुसरी उचलली. तिचाही वरचा डावा कोपरा गेलेला. मी म्हटलं, हीही खराब. तेव्हा मात्र तो चिडला. फुटाण्यांची पुडी बाजूला ठेवून त्यानं स्वतः डोळा लावला, चांगला वेळ लावून पाहिलं. "चारी कोपरे दिसून राहिले मले. दोन्हीचे. तुमी कॅमेरा घ्याले आले का खोड काढाले?" मी कॅमेरा परत घेतला आणि सवयीचा उजवा डोळा सोडून डावा लावला. चौकट पूर्ण होती. चारी बाजूंनी लाल, सरळ, कुठे न तुटलेली. पुन्हा उजवा. कोपरा नाही. खांद्यावरच्या कॅमेऱ्याचा पडदा मी दोन्ही डोळ्यांनी पाहत आलो, एका डोळ्याचं दुसरा भरून काढत राहिला असेल. सुईत दोरा ओवताना माणूस सरळ समोर पाहतो. मी पुन्हा डावा, पुन्हा उजवा लावून पाहिला. दुकानदार म्हणाला, "काय झालं भाऊ?" मी म्हणालो, काही नाही, बरोबर आहे माल. त्यानं मला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माघार घेताना पाहिलं असेल. तो खूश झाला आणि चहा मागवला.

मला आंधळं होण्याची भीती आहेच, ती कोणाला नसेल. पण तिच्यातही मला अचूक असायची सवय सुटत नाही. बसमधून अमरावतीला परतताना मी एकेक डोळा झाकून पाटी, झाड, समोरच्या बाईचा अंबाडा तपासत होतो. शेजारचा माणूस सरकून बसला. मला वाटत होतं, हे आजचं नसणार. गेल्या हंगामात उन्हापायी जिथं भोकाला उजवा डोळा लावावा लागला, तिथं डाव्या कडेला उभी असलेली कोणती करवली, कोणती आजी माझ्या चौकटीत अर्धी कापली गेली असेल, आणि मला ती तिथे आहे हेच कळलं नसेल? तिवस्याचं घर दुसऱ्याकडे गेलं ते धूसर पार्श्वभूमीसाठीच गेलं का? विचारायला तोंड नाही. काळोख दिसला असता तर घाबरून तरी गेलो असतो. इथं डोळा गुपचूप सारवून टाकतो, आणि माणसाला भिंत शाबूत वाटते. तुम्हालाही आधी असंच झालं असेल ना? की तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही आमच्यापासून लपवलं? हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. आता विचारावंसं वाटतं, कारण ठाऊक असताना मांडवात उभं राहायला काय लागतं ते मला हवं आहे.

डोळे तपासायला पुन्हा अकोल्यालाच आलो. अमरावतीत प्रत्येक दवाखान्यात कोणा ना कोणाचं लग्न मी टिपलेलं. इथे एका पांढऱ्या वाटीसारख्या यंत्रात हनुवटी टेकवायला लावतात, डावा डोळा पट्टीनं झाकतात, हातात बटन देतात. तपासणारी बाई म्हणाली, "काका, मंधातल्या दिव्याकडंच पाहाचं. बाजूले कुठं टिकली चमकली का बटन दाबाचं. बस." सुरुवातीला बरोबर दाबलं. मग बराच वेळ काही चमकलंच नाही. यंत्र मात्र आत टकटक करत होतं, म्हणजे कुठेतरी दिवे लागत होते आणि मला दिसत नव्हते. त्या टकटकीचा ठेका माझ्या लक्षात आला. तुमचा मुलगा आहे. ठेका धरला की पुढचं आपोआप येतं. मी टकटकीवर दाबायला लागलो.

थोड्या वेळानं बाईनं यंत्र थांबवलं. "काका, दिवा नसतानाही दाबून राहिले तुमी."

"कोण म्हणतं?"

"मशीन म्हनते. मंधी मंधी ते नुसताच आवाज करते, दिवा लावत नाही. तवाही दाबलं तुमी." मग हसून म्हणाली, "हे काही परीक्षा नाही काका. नापास नाही करत कोनाले." तिनं त्या तपासणीचा कागद फाडून टाकला आणि उद्या सकाळी पुन्हा यायला सांगितलं, डोळा थकला असेल म्हणून. डोळा थकला नव्हता.

दुकानदाराचा फोन येऊन गेला, कोणती बांधून ठेवू म्हणतो. अकोटचं एक लग्न मी आधीच घेऊन बसलो आहे, त्याला कॅमेरा लागेलच. मी त्याला सांगितलं, एका कार्डाची, डोळा पकडणारी ठेवा. तो म्हणाला, "तुमी तर दोन कार्डांशिवाय बोलत नव्हते!" मी म्हटलं, मत बदललं. घरी सांगितलं आहे की कॅमेऱ्याच्या कामासाठी अकोल्यात मुक्काम आहे, आणि ते अगदीच खोटं नाही. बाबा, हे लिहून कुठे टाकायचं ते मला माहीत नाही, बहुधा बॅगेतच राहील. उद्या तो दिवा दिसेल तेव्हाच बटन दाबायचं असं मी ठरवलं आहे. पण हनुवटी टेकली, पट्टी बांधली आणि ती टकटक सुरू झाली की माझं बोट माझं ऐकेल, अशी मला खात्री नाही.