बूट वाळेपर्यंत

उत्तर इमारत, खोली ३७
३ जानेवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

हे पत्र आईला दाखवायचं नाही, ही पहिली अट. मी शुक्रवारी, एकोणीस तारखेच्या गाडीनं घरी येते आहे आणि परत जाणार नाही. ट्रंक भरून झाली आहे. आईला हळूहळू तयार करायचं काम तुझं. ती तुझं ऐकते, निदान ऐकल्यासारखं तरी करते.

हे कॉलेज तूच सुचवलंस, म्हणून आधी तुलाच सांगते. इमारती तू म्हणाला होतास तशाच सुंदर आहेत. चारी बाजूंना दगडी भिंती, मधे चौक, आणि जिन्याच्या पायऱ्या मधोमध इतक्या झिजलेल्या की पाऊल आपोआप तिथंच पडतं. पण सुंदर इमारतीत बावळट माणूस जास्तच बावळट दिसतो. भोजनगृहात तुझ्या वेळचाच नियम आहे. जागा निवडायची नाही, पुढची रिकामी खुर्ची ती आपली. काल माझ्या एका बाजूला ताऱ्यांवर पुस्तकं लिहिणारे प्राध्यापक होते आणि दुसऱ्या बाजूला वादविवादात पदक मिळवलेली मुलगी. दोघं माझ्या डोक्यावरून बोलत होते. मी ताटातले वाटाणे मोजले. त्रेसष्ट होते. परवा वर्गात उत्तर द्यायला उभी राहिले, तर आवाजच मधे गेला. लोक हसले. वाईट मनानं नव्हे, पण हसले.

आणि आता आभाराचा शनिवार. तुला आठवत असेलच, पहिल्या वर्षाच्या प्रत्येकानं एका शनिवारी जेवणापूर्वी उभं राहून या घरातल्या एका माणसाचे आभार मानायचे, तो माणूस समोर बसलेला असताना. माझी पाळी वीस तारखेला आहे. तीनशे माणसं, मामा! म्हणून एकोणीसची गाडी.

आईनं नाहीच येऊ दिलं, तर दुसरा उपाय म्हणून चार ओळींचा एखादा संस्कृत श्लोक पाठवून ठेव. कुणाला काही कळणार नाही आणि मी सुटेन. मामीला नमस्कार.

तुझी,
खार

*

७ जानेवारी

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. आईला दाखवलं नाही. तिनं फक्त पाकीट पाहिलं, मग माझा चेहरा पाहिला, आणि काही न विचारता माझ्या चहात साखर जास्त घातली. याचा अर्थ तिला सगळं कळलं आहे, असा मी लावतो. तिच्यावर भाष्य लिहायला मला उभी हयात मिळाली आहे.

श्लोक मिळणार नाही. आभाराच्या श्लोकांचं दुकान एकतीस वर्षांपूर्वी बंद झालं. का, ते आता सांगतो. तुझ्या आईला, मामीला, कुणालाच हे सांगितलेलं नाही, तेव्हा या वेळी अट माझी.

मी खोली ३१मध्ये होतो, तुझ्याच मजल्यावर. पहिल्या वर्षीच्या थंडीत एका पहाटे मीही ट्रंक उचलली. कारण विचारू नकोस. तुझंच पत्र आठव आणि वाटाण्यांच्या जागी पोळीचे घास घाल. रात्रभर पाऊस पडून गेला होता. कानटोपी, वर मफलर, फक्त डोळे उघडे, असा मी पाण्यातून चौक ओलांडला. फाटकाशेजारी बंबघर. तुला ते दिसलं नसेल, दिसतं ते धुराडं. सगळ्या कॉलेजच्या अंघोळीचं पाणी तिथल्या भल्यामोठ्या बंबात तापतं. दार उघडं होतं आणि आत बंब सांभाळणारे बंबकाका कोळसा ओढत होते. त्यांनी ट्रंक पाहिली. कुठं चाललास, असं विचारलं नाही. बूट काढायला सांगितले. बूट वाळेपर्यंत बस, ओल्या बुटांनी माणसानं कुठं जाऊ नये, एवढंच म्हणाले. बुटांत जुना कागद कोंबून ते बंबाच्या कडेला ठेवले आणि स्वतः मागं कोळसा फोडून आणायला गेले.

मी बसलो. वाफेचा आवाज येत होता. बूट वाळले तेव्हा पाय घातले, आणि त्या उबेत मला एकदम वाटलं, आठचा तास अजून गाठता येईल. ट्रंक घेऊन मी वर गेलो. त्यांना सांगायलासुद्धा थांबलो नाही. पुढं लाज वाटून बंबघराच्या बाजूला फिरकलो नाही. माणूस उपकार करणाऱ्याला जितका टाळतो तितका सावकारालाही टाळत नसेल.

मग आभाराचा शनिवार आला. आभार कुणाचे, हा प्रश्नच नव्हता. पण पळून जात होतो हे तीनशे जणांना कशाला सांगा? म्हणून मी शार्दूलविक्रीडितात श्लोक रचला. बंबकाका म्हणजे साक्षात सूर्य, अशी कल्पना. हात त्यांच्याकडे करून, भुवया चढवून, खड्या आवाजात म्हटला. वृत्तात एक गण चुकला नाही. टाळ्या वाजल्या, न कळलेल्या गोष्टीला वाजतात तशा. अर्थ कुणी विचारला नाही आणि मी सांगितला नाही. तेव्हा खारे, तुझी युक्ती नवी नाही, ती या घराण्यात होऊन गेली आहे.

निघण्याआधी माझं एक काम कर. बंबघरात जाऊन बघ, काका अजून आहेत का. ग्रंथालयात आभारवही असते, तीत माझी नोंद पाहा. मग खुशाल ये. मी स्टेशनावर घ्यायला येईन आणि एक शब्द बोलणार नाही. माझ्यासारख्याला हे किती जड जाईल, ते तू जाणतेस.

तुझा,
मामा

*

खोली ३७
११ जानेवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

आधी वही. त्या तारखेसमोर लिहिलं आहे: खोली ३१, संस्कृतात बोलला, कोणाचे आभार ते समजले नाही. पुढं जागा कोरी. सगळ्या वहीत एवढी एकच कोरी जागा आहे, असं ग्रंथपालबाई म्हणाल्या. तुला अभिमान वाटेल अशा सुरात म्हणाल्या.

बंबकाका आहेत. या महिन्याअखेर बंब बंद होतो आहे. मजल्यामजल्यावर विजेचे गीझर लागले, आणि काकाही त्याच दिवशी निवृत्त. मी बंबघराच्या दारात घुटमळत होते, तर त्यांनी माझ्या चपलांकडे पाहिलं आणि स्टूल पुढं सरकवलं. मला वाटतं, ते सगळ्यांचे आधी पायच बघतात.

तुझं नाव न घेता मी जुन्या गोष्टी काढल्या. पहाटे ट्रंक घेऊन आलेला मुलगा त्यांना लगेच आठवला. फार चांगला पोरगा, पण चेहरा नीट दिसलाच नाही म्हणाले. कोळसा घेऊन परत येतात तो स्टूल रिकामं, बूट नाहीत, ट्रंक नाही. सहाच्या गाडीनं गेला असणार. कोळसा आणायला गेलोच नसतो तर थांबला असता, हे ते मला दोनदा म्हणाले. तू गेलास असंच ते एकतीस वर्षं धरून आहेत, मामा.

आता बस आणि मग पुढचं वाच. मी विचारलं, शनिवारी तुमचे आभार कुणी मानले होते का. ते हसले आणि म्हणाले, आभार नाहीत, पण एकानं भर भोजनगृहात तक्रार केली होती. तिसऱ्या मजल्यावरचा कुणी विद्वान होता, रागानं लालबुंद झाला होता. बोट दाखवून चार वाक्यं असा काही गरजला की सगळे वळून त्यांच्या बाकाकडे बघायला लागले. भाषा कळली नाही, पण तक्रार कळली, कारण ती खरी होती. तिसऱ्या मजल्यावर पाणी कोमट पोचायचं. त्या रात्री त्यांनी घरी बायकोला सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून बंब पाचऐवजी चारला पेटवायला लागले. आजही चारलाच पेटवतात. तक्रारवाल्यावर राग नाही, पण सरळ येऊन सांगितलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच त्यांचं म्हणणं आहे.

ट्रंकवाला आणि तक्रारवाला एकच, हे त्यांना माहीत नाही. मी सांगितलं नाही. तुला विचारल्याशिवाय कसं सांगू?

तुझी,
खार

*

१४ जानेवारी

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

आयुष्यात मी पुष्कळ श्लोक रचले. त्यांतल्या एकाचाच जगावर काही परिणाम झाला, तो हा. एका भल्या माणसाची एकतीस वर्षांची पहाटेची झोप गेली. मी त्यांना सूर्य म्हटलं, तर ते खरोखरच सूर्याआधी उठायला लागले. पत्र वाचून मी भरल्या ताटावरून उठलो. तुझी मामी डॉक्टरला बोलावणार होती.

मग सगळं तिला सांगितलं. तुझ्या आईलाही. आई म्हणाली, तू त्या पहाटे आला असतास तर मी तुला परत पाठवलं नसतं, एवढी तुझी आठवण येत होती. तेव्हा बंबकाकांनी माझंच नव्हे, तिचंही भलं केलं आहे.

मी स्वतः येऊन बोललो असतो, पण नियम आडवा येतो: बोलायचं ते त्या घरात राहणाऱ्यानंच. राहणारी तू आहेस, शुक्रवारपर्यंत तरी. मी परवानगी देतो. ट्रंक, मफलर, लाज, श्लोक, काही झाकू नकोस. साध्या मराठीत सांग. माझी अब्रू आजवर संस्कृतात सुरक्षित होती, आता तिला थोडी हवा लागू दे.

पण मी तुला थांब म्हणत नाही. बंबकाकांनीही मला म्हटलं नव्हतं. शुक्रवारच्या गाडीला मी स्टेशनावर असेन. उतरलीस तर ट्रंक उचलेन, नाही उतरलीस तर तिथल्या बाकावर चहा पिऊन घरी येईन.

तुझा,
मामा

*

खोली ३७
२१ जानेवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

स्टेशनावरचा चहा कसा होता?

काल संध्याकाळी उभी राहिले. मोठ्या टेबलाशी प्राचार्य, माझ्या समोर दाराजवळच्या बाकावर बंबकाका. त्यांना मीच आग्रह करकरून आणलं होतं. पहिलं वाक्य बोलले आणि आवाज गेला. अगदी वर्गात गेला तसाच. कुणी हसलं नाही. मी खाली पाहिलं तर काकांचे बूट दिसले. नवे होते, कार्यक्रमासाठी घातलेले, आणि एकाची नाडी सुटलेली. मग मी तीनशे माणसांशी बोलायचं सोडून दिलं आणि बुटांशी बोलले.

ट्रंकवाल्या मुलाची गोष्ट सांगितली. तो सहाच्या गाडीनं गेला नाही, जिना चढून वर गेला, असं म्हणाले तेव्हा काकांनी मान वर केली. तो आज संस्कृत शिकवतो आणि माझा मामा आहे, हेही सांगितलं. मग म्हणाले, की त्याच मुलानं याच जागी उभं राहून आभार मानले होते, पण कळणार नाहीत अशा बेतानं. आज ते कळतील असे मानते आहे, त्याचे आणि माझेही, कारण माझीही ट्रंक भरलेली आहे.

ज्याचे आभार मानले तो काही बोलत नाही, अशी इथली रीत. काका उभे राहिले. सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारलं, त्या पोराला आठचा तास मिळाला का. मी म्हटलं, मिळाला. बरं झालं, म्हणाले आणि बसले. प्राचार्यांना चष्मा पुसावा लागला. पदकवाल्या मुलीनं वाकून काकांची नाडी बांधली. तिची आईही इथंच शिकली, तिचंही काकांशी चपलांचं असंच काही तरी आहे म्हणे, ते ती आज सांगणार आहे.

जेवताना मी काकांच्या शेजारी होते. तक्रारीचं कोडं सुटल्यावर ते खोकला लागेपर्यंत हसले. म्हणजे मी पाचपर्यंत झोपू शकलो असतो, म्हणाले. मग थोडा विचार करून म्हणाले, पण मग तिसऱ्या मजल्यावर पाणी कोमटच राहिलं असतं. झालं ते ठीक झालं. एकच प्रश्न त्यांनी तुला विचारायला सांगितला आहे. एकतीसला बंब विझणार, पण जाग चारलाच येणार. त्या तासाचं करायचं काय? तुझा मामा एवढा शिकलेला आहे, त्याला सुचेल, असं म्हणाले.

ग्रंथपालबाईंनी कोरी जागा माझ्याकडून भरून घेतली. ट्रंक अजून भरलेलीच आहे, फक्त रोज लागतं तसं एकेक काढते आहे. गाडीचं तिकीट पुस्तकात खूण म्हणून ठेवलं आहे. आईला सांग, मोजे पाठव, जाड.

तुझी,
खार

*

१ फेब्रुवारी, पहाट

ती. बंबकाकांस,
कृ. सा. न. वि. वि.

आज बंब पेटला नसेल. तरी तुम्ही जागे असाल, म्हणून मीही चारचा गजर लावून उठलो आहे. हा तास कसा असतो ते मला पाहायचं होतं. काळोख आहे, घर झोपलेलं आहे, आणि नळाचं पाणी इतकं गार आहे की तोंड धुताना मला तुमची एकतीस वर्षं एकदम समजली. श्लोक रचताना सूर्य आठवला होता, पाणी आठवलं नव्हतं.

त्या तासाचं काय करायचं, असं तुम्ही विचारलंत. शिकलेल्या माणसाला फारसं सुचत नाही, हे तुम्ही अनुभवानं जाणता. तरी एक सुचतं. मला पत्र लिहा. मी याच वेळी उठून उत्तर देईन. तुमच्यामुळे वर गेलेल्या त्या पोराचं पुढं काय काय झालं, ते सगळं सांगायचं राहिलं आहे. भाचीचे जाड मोजे पोस्टानं निघाले. तिच्या चपलांवर तुमचं लक्ष राहो.

हात गारठल्यानं अक्षर बिघडलं आहे. अर्थ मात्र या वेळी लागेल.

तुमचा लोभ मला न मागता मिळाला. आता मागून घेतो, तसाच राहू द्यावा.

आपला,
ट्रंकवाला
(तक्रारवाला तोच)