पाठीवरची शिवण

सोमवार, ३ तारीख
आज कामावर रुजू झाले, एकाहत्तराव्या वर्षी. बंद पडलेल्या साबणाच्या कारखान्यात सिनेमाचं शूटिंग चाललंय आणि मी तिथली शिंपीण. वजनकाट्याची खोली मिळाली. खिडकीतून उजेड चांगला येतो, मशीनला तेल घातल्यावर कुरकुरही थांबली. सिनेमाची गोष्ट अशी, की कारखान्याचं पाणी पिऊन एक उंदीर माणसाएवढा होतो आणि मोकाट सुटतो. उंदीर म्हणजे आमचा धाकटा. चाळिशीचा घोडा, आजवर सिनेमात गर्दीत उभा राहायचा. आता मुख्य काम मिळालं, तेही तोंड झाकून. म्हटलं, तुझं तोंड बघता बरंच झालं. तो हसला. खूप दिवसांनी हसला.

दिग्दर्शकाने ही वही दिली. रोज काय उसवलं, काय शिवलं ते लिहायचं. चौथी शिकलेय, तेवढं जमतं.

बुधवार, ५
उंदराचं कातडं म्हणजे सोफ्याच्या जुन्या खोळी आणि एक गालिचा. पाठीची चेन पहिल्याच दिवशी तुटली. नवी मागितली तर व्यवस्थापक म्हणतो, आजी, उद्या बघू. तोवर काय, सकाळी धाकट्याला आत घालायचं, मानेपासून कमरेपर्यंत हाताने शिवायचं आणि संध्याकाळी उसवायचं. काळा दुहेरी दोरा, सत्तेचाळीस टाके. तो गुदगुल्या होतात म्हणून हलतो. सांगितलं, गुमान उभा राहा, नाहीतर तोंडही शिवून टाकीन.

शनिवार, ८
चेन आली नाही. विचारून माझ्या जिभेला फोड आले, त्याचं आपलं उद्या बघू. जेवायलासुद्धा उसवू देत नाहीत, वेळ जातो म्हणे. बिचारा मुखवट्याच्या तोंडातूनच खातो.

संध्याकाळी उसवताना एक्कावन्न टाके निघाले. मी सत्तेचाळीसच घातले होते. व्यवस्थापक म्हणाला, वयाने मोजणं चुकतं, आजी. माझं? सात नातवंडांची झबली शिवली, कधी एक टाका कमी-जास्त नाही.

सोमवार, १०
आज नऊ टाके जास्तीचे. त्यांचा दोरा माझा नाही. करडा, राठ. दोरा नाहीच, केस आहेत. दिग्दर्शकाला दाखवले. चष्मा वर करून म्हणतो, वा, काय खरं वाटतंय, असंच चालू द्या. कुणापुढे डोकं आपटायचं? दगडापुढे आपटलं तर निदान टेंगूळ तरी येतं.

धाकटा घरी जेवत नाही. टेबलाचा पाय कुरतडलेला सापडला.

बुधवार, १२
शिवण शोधायला अर्धा तास लागला. एक टाका कापला तर तो किंचाळला. रक्त आलं — गालिच्यातून.

म्हटलं, सोड हे काम. तर म्हणतो, आई, जन्मात पहिल्यांदा लोक माझ्याकडे बघतायत. मी म्हटलं, मग राहा उंदीर होऊन.

बोलायला नको होतं.

शुक्रवार, १४
काल उसवलंच गेलं नाही, रात्रभर तो कातड्यातच. आज पाठ सलग. शिवणच नाही. बोटं फिरवून फिरवून दुखली.

व्यवस्थापकाने आज नवी चेन आणली. मोठ्या ऐटीत. म्हटलं, लाव आता तुझ्या कपाळाला.

धाकट्याने दिवसभरात एक शब्द नाही —

शनिवार, १५, सकाळ
धाकटा दिवेवाल्याच्या हाताला चावला. सुटलाय. दिग्दर्शक कॅमेरा घेऊन मागे धावतोय, इकडे बघ, इकडे बघ म्हणून.

पोलीस बोलावलेत. बंदुका घेऊन येतायत. घसा फुटेस्तोवर सांगितलं, आत माझा मुलगा आहे. व्यवस्थापक म्हणाला, आत कुणी नाही, आजी. घरी जा.

दुपार
माझ्या खोलीत आलाय. कडी लावली. बाहेर बूट वाजतायत. माझं ओरडणं कुणी ऐकत नाही, म्हणून वहीत लिहून एकेक पान दाराखालून सरकवतेय. वाचा.

गोळी घालू नका. मी कात्रीने कापतेय, मानेपासून. तो किंचाळेल. तरी दार फोडू नका. आत माझा धाकटा आहे.

बोटभर कापलं. खाली केस.

अजून बोटभर. गालिचा संपलाय. खाली — खालीही केसच.

माणूस नाही लागत.

कडी हलवू नका. थांबा. उंदीर तर उंदीर, पण माझा —